चोरीला गेलेलं ड्रॉइंग आणि मेलेला मिस्त्री : औद्योगिक हेरगिरीची तपास-मालिका कोणत्या क्रमानं लिहावी

हेरगिरी आणि खुनाची मालिका लिहायला घेतली की पहिल्या पानावर प्रेत पडतं, दुसऱ्या पानावर इन्स्पेक्टर येतो आणि चौथ्या भागात लेखकाला आठवतं, अरे, हेरगिरी राहिलीच. मग एक पेन-ड्राइव्ह येतो. त्यात ‘फॉर्म्युला’ असतो. तो कसला, कुणाच्या किती रुपयांच्या कामाचा, हे लेखकालाच ठाऊक नसतं. तपासाला धरायला काही उरत नाही, आणि शेवटी खुनी आपणहून सगळं बोलून टाकतो.

क्रम उलटा हवा. आधी चोरीची वस्तू ठरवा, मग ती बाहेर गेल्याची वाट, मग ती वाट ज्याच्या लक्षात आली तो माणूस. मरणार तो हाच. प्रेत चौथ्या टप्प्यावर येतं, मग पडद्यावर ते पहिल्या मिनिटाला का दिसेना.

खालचं सगळं एकाच काल्पनिक उदाहरणावर बेतलं आहे. बेळगावच्या उद्यमबागेतली एक मध्यम आकाराची फाउंड्री हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी ओतते. त्याच बॉडीचं काम अचानक कोल्हापूरकडच्या एका कारखान्याला कमी दरात मिळतं. महिन्याभरात फाउंड्रीचा म्हातारा पॅटर्न मिस्त्री (पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा घेतात तो नमुना) पॅटर्न स्टोअरच्या माळ्यावरून पडून मेलेला सापडतो.

## लिहिण्यापूर्वीची तयारी

एक दिवस फाउंड्रीत काढा. ओळखीनं परवानगी मिळते. बेळगावात एका घराआड एखादा काका किंवा मामा उद्यमबाग, मच्छे नाहीतर होनग्याला कामाला असतोच. तिथं भट्टी बघत उभं राहू नका, भट्टी सगळेच दाखवतात. कागद बघा.

– गेटपासचं बुक आणि जॉब वर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल पाठवायची चलनं
– हीट लॉग, म्हणजे कुठली हीट (भट्टीतला एक घाणा) किती वाजता लागली, काय घातलं, किती वाजता ओतली याची नोंद
– मेथड कार्ड, ज्यावर रनर (साच्यात रस नेणारी वाट), रायझर (आकसताना रस पुरवणारा साठा) आणि चिल (तो भाग लवकर थंड करणारा धातूचा तुकडा) कुठे बसवायचे ते असतं
– ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला रिव्हिजनचा चौकोन, ज्यात ड्रॉइंग केव्हा बदललं ते लिहितात
– रिजेक्शनचं रजिस्टर

कथेतले बरेचसे पुरावे याच पाच कागदांतून येणार आहेत. पेन-ड्राइव्ह लागला तर नंतर बघू.

दुसरी तयारी कायद्याची. कथा कोणत्या तारखेला घडते ते पहिल्याच दिवशी पक्कं करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्या तारखेनंतरच्या खुनाला इन्स्पेक्टर ‘तीनशे दोन’ म्हणाला की जाणकार प्रेक्षक उठून चहाला जातो. आता ते कलम १०३ आहे. म्हातारा हवालदार सवयीनं ‘तीनशे दोन’ म्हणाला आणि तरुण पीएसआयनं त्याला दुरुस्त केलं, तर मात्र चालेल. प्रसंग जिवंत होतो.

## टप्पा १ : चोरीची वस्तू ठरवा

फाउंड्रीत चोरण्यासारखं काय असतं? बाहेरच्याला वाटतं मिश्रधातूची गुप्त कृती. पण धातूची रचना ग्राहकच ठरवून देतो आणि कास्टिंगचा, म्हणजे ओतलेल्या भागाचा, तुकडा स्पेक्ट्रोमीटरवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) ठेवला की ती कळतेही. खरं मोल तीन गोष्टींना. पहिली, कोटेशनचा दर. दुसरी, मेथड, म्हणजे रायझर आणि चिल कुठे बसवल्यावर आत पोकळी राहत नाही हे अनेक रिजेक्शन सोसून मिळालेलं ज्ञान. तिसरी, पॅटर्न किंवा त्याची थ्रीडी फाइल, कारण ती हातात आली की नव्या कारखान्याचे काही महिने वाचतात.

आपण तिसरी घेऊ. आता प्रतिस्पर्धी म्हणणार, ‘आम्ही कुणाचं काही चोरलं नाही. बाजारातून सुटा भाग आणला आणि त्यावरून बनवला.’ हे नुसतं सांगायचं कारण नाही, कायद्यानंही अशी नक्कल सहसा चोरी ठरत नाही. मग चोरी सिद्ध कशी करायची? मालिकेचा कणा इथे आहे. तपशील नीट समजून घ्या.

बिडाचा रस थंड होताना आकसतो, साधारण १ टक्का. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम देऊन चिवट केलेल्या बिडात, थोडं कमी. म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करतात आणि त्यासाठी मिस्त्रीकडे वेगळी आकुंचन-पट्टी असते. कुणी तयार कास्टिंगच वाळूत दाबून त्याचा साचा घेतला, तर नवं कास्टिंग पुन्हा आकसून लहान निघतं. ३०० मिलिमीटर लांबीला ते ३ मिलिमीटरच्या आसपास कमी भरतं. शिवाय बाजारातला भाग मशिनिंग झालेला असतो. कच्च्या कास्टिंगवर कुठे किती जादा माल ठेवला होता, ते त्यावर दिसत नाही.

थ्रीडी स्कॅन करणारा हुशार माणूस आकुंचनाचा हिशेब घालू शकतो, म्हणून एवढ्यानं भागत नाही. त्याच्या पुढची खूण लागते, आणि ती फाउंड्रीत हटकून सापडते : कागदावर एक आणि जागेवर एक. आपल्या उदाहरणात ड्रॉइंगवर एका आतल्या कोपऱ्याची त्रिज्या ५ मिलिमीटर आहे. सुरुवातीच्या हीटमध्ये त्या कोपऱ्यात तडे गेले. मिस्त्रीनं पॅटर्नवर पुट्टी भरून त्रिज्या ८ केली, तडे थांबले. ड्रॉइंग कुणी बदललं नाही. ते कुणीच बदलत नाही.

त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या कास्टिंगला रेडियस गेज लावलं की उत्तर मिळतं :

– त्रिज्या ८, लांबी ३ मिलिमीटर कमी : बाजारातल्या भागाची नक्कल.
– त्रिज्या ८, लांबी आणि जादा माल बरोबर : पॅटर्नच बाहेर जाऊन आला.
– त्रिज्या ५ : पॅटर्न नाही, बाजारातला भागही नाही. ऑफिसमधल्या संगणकातली फाइल गेली.

रेडियस गेज म्हणजे कोपऱ्याची त्रिज्या मोजणारं, खिशात मावणारं साधं हत्यार. मिस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ते पहिल्या दृश्यापासून दिसू द्या.

सावधान : चोरीची वस्तू अशी निवडा की ती मोजता, तोलता किंवा दोन नगांत ताडून पाहता येईल. ‘गुप्त माहिती’ मोजता येत नाही, म्हणून तिच्यावर तपास चालत नाही.

## टप्पा २ : वस्तू बाहेर कशी गेली, ती वाट आखा

सीमाभागाचा खरा फायदा इथे मिळतो. शिनोळीची एमआयडीसी बेळगावच्या वेशीला लागून, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहती निपाणीच्या पुढे. माणसं, माल आणि नातीगोती या रेषेवरून रोज जातात येतात, कागद मात्र रेषेवर अडतो.

पॅटर्न दुरुस्तीसाठी परराज्यात पाठवायचा तर चलनाबरोबर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद, लागतं. एरवी ५०,००० रुपयांच्या आतल्या मालाला ते लागत नाही, पण जॉब वर्कसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असो, लागतंच. म्हणजे चार हजारांचा लाकडी पॅटर्न कागलला गेला तरी त्याची नोंद राहते. नोंद नसताना पॅटर्न गेटबाहेर गेला असेल तर गेटवरचा माणूस कशात तरी आहे. आणि गेटपास-बुकातलं पान फाटलेलं असेल तर कार्बनची खालची प्रत बघा म्हणावं.

आपल्या कथेत फाइल गेली आहे, त्यामुळे ही पॅटर्नची वाट खोटा माग म्हणून वापरता येते. पॅटर्न खरोखर कागलला गेला होता, रीतसर चलनानं, ई-वे बिलासह, दुरुस्त होऊन परत आला. दुरुस्त करणारा गडी प्रामाणिक, कागद पुरे, तरी मालिकेचे दोन भाग संशय त्याच्यावर. तो सुटतो तो त्रिज्येमुळे : त्याच्याकडे गेलेल्या पॅटर्नवर ८ होती.

फाइलची वाट छोटी ठेवा. ईमेल, व्हॉट्सॲप, नाहीतर जुनी हार्डडिस्क भंगारात विकणं. तीन माणसांच्या हाती ती फाइल होती एवढं पुरे. पाच केलीत तर प्रेक्षकाला नावं आठवत नाहीत.

तपासून घ्या : कागदावर एक रेषा काढा. वस्तू कुठून निघाली, कुणाच्या हातून गेली, कुठे पोचली. प्रत्येक हातापुढे ‘त्याला काय मिळालं’ हे रुपयांत लिहा. एखाद्यापुढे आकडा लिहिता येत नसेल तर ते पात्र काढून टाका.

## टप्पा ३ : खुनाचं कारण चोरीतूनच काढा

वारसाहक्क, अनैतिक संबंध, जुनं वैर असलं काही आणून चिकटवलं की हेरगिरी नुसती पार्श्वभूमी होऊन बसते. आपल्या उदाहरणात कारण आपोआप येतं. प्रतिस्पर्ध्यानं ५ त्रिज्येच्या फाइलवरून पॅटर्न केला, त्यामुळे त्याच्याही कास्टिंगला त्याच कोपऱ्यात तडे जायला लागले. तो फाइल विकणाऱ्यावर खवळतो : ‘पैसे घेतलेस, माल सदोष दिलास.’ विकणारा फाउंड्रीतलाच, त्याला फाउंड्रीतलं तंत्र ठाऊक नाही. तो बापडा मिस्त्रीलाच सहज म्हणून विचारतो, ‘तात्या, त्या व्हॉल्व्ह बॉडीला कोपऱ्यात तडे गेले तर काय करायचं?’

तात्याच्या फाउंड्रीत त्या कोपऱ्याला कित्येक महिन्यांत तडा गेलेला नाही. मग हा कुठल्या तड्याबद्दल बोलतोय?

एका प्रश्नानं चोर उघडा पडतो. पुढे मच्छेच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये, जिथे दोन्ही कारखान्यांची कामं येतात, तात्या ते दुसरं कास्टिंग बघतो आणि खिशातलं गेज लावतो. आता तो मरणार.

बळी असा निवडा, की फरक ओळखू शकणारा तो एकटाच. मालकाला मारून उपयोग नसतो. मालकाला त्रिज्या ठाऊक नसते.

नेहमीची चूक : सीमावादाला खुनाचं कारण करणं. मराठी मालक, कानडी खुनी किंवा उलट, असं काही लिहिलंत की तपास मेला आणि भाषणं सुरू झाली. फाउंड्रीत मोल्डर (साचे करणारा) कानडी, सुपरवायझर मराठी, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) उत्तरेकडचे गडी आणि हिशेबनीस कोकणी, असं सर्रास असतं. संशय भाषेवरून फिरवू नका, शिफ्टवरून फिरवा.

## टप्पा ४ : खरा वेळापत्रक-तक्ता, खोटं बोलण्याआधी

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. एक मोठा कागद घ्या. डावीकडे संध्याकाळी ६ ते सकाळी ८ अशा वेळा. वर पात्रांची नावं. प्रत्येक चौकोनात ते माणूस *खरोखर* कुठे होतं ते लिहा. हा तक्ता पुरा झाल्याशिवाय एकही संवाद लिहायचा नाही. मग दुसऱ्या रंगानं प्रत्येकजण पोलिसांना काय सांगतो ते. दोन रंग जिथे वेगळे, तिथे तुमचे सीन.

फाउंड्रीत वेळ सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ :

१. हीट लॉग. एसजी आयर्नला मॅग्नेशियम दिल्यावर त्याचा गुण ओसरत जातो, म्हणून साधारण १० मिनिटांच्या आत लेडल (रस ओतायची बादली) रिकामी करावी लागते. १ वाजून ५ मिनिटांनी मॅग्नेशियम दिलं अशी नोंद असेल, तर सव्वा वाजेपर्यंत मेल्टर (भट्टी चालवणारा) आणि ओतणारे तिथून हलूच शकत नाहीत. पक्की साक्ष. म्हणूनच खुनी ती खोटी लिहील.

२. हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, मीटर. उच्चदाब जोडणीच्या मीटरमध्ये भाराची नोंद १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यानं साठते. इंडक्शन भट्टी चालू असली की भार चढतो, बंद झाली की धपकन उतरतो. लॉगमध्ये १ वाजून ५ ची हीट आहे आणि मीटरवर साडेबारालाच भार उतरलाय? लॉग मागाहून भरला. मीटरचा हा कागद दाखवणारा सीन चौथ्या भागाच्या शेवटाला शोभतो, तोवर कुणाला त्याचा मागमूस लागू देऊ नका.

३. स्पेक्ट्रोमीटर. प्रत्येक नमुन्याची वेळ संगणकात राहते. लॉगमध्ये हीट आहे आणि नमुना नाही, हाही पुरावाच.

४. टोलनाके. बेळगावहून कोल्हापूरकडे राष्ट्रीय महामार्ग ४८ नं गेलं की हत्तरगी आणि कोगनोळी हे नाके लागतात, फास्टॅगवर वेळ उमटते. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीला जाणाऱ्याला यातला एकही लागत नाही. खुनी कुठल्या रस्त्यानं गेला ते आता तुम्हीच ठरवा, पण ‘टोलवर गाडी दिसलीच नाही, म्हणजे गेलाच नाही’ हा पोलिसांचा पहिला गैरसमज म्हणून छान बसतो.

५. मोबाइल. सीमेजवळ फोन कधी कर्नाटक सर्कलचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. टॉवर बदलला म्हणून माणूस हलला असं नाही. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी गोष्ट आहे.

६. सीसीटीव्ही. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ बऱ्याचदा चुकलेलं असतं. जप्तीच्या वेळी डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहून घेणारा पीएसआय दाखवा, बाकी त्याची हुशारी वेगळी सांगावी लागणार नाही. जुनं चित्रीकरण काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, हेही ध्यानात ठेवा.

डॉक्टर मृत्यूची वेळ मिनिटात सांगत नाही. शरीर ताठरायला काही तासांत सुरुवात होते, उन्हाळ्यात ताठरपणा येतो लवकर आणि जातोही लवकर. भट्टीच्या धगीजवळ पडलेलं प्रेत थंडच होत नाही, त्यामुळे अंगाच्या तापमानावरचा अंदाज फसतो. म्हणून डॉक्टरच्या तोंडी ‘रात्री ११ ते ३ च्या दरम्यान’ असंच उत्तर द्या. नेमकी वेळ मीटरनं आणि लॉगनं काढू द्या. ते काम डॉक्टरचं नव्हे.

तपासून घ्या : तक्त्यात खुन्याकडे किमान २० मिनिटांची मोकळी फट आहे का? आणि निदान आणखी एका निरपराध माणसाकडे तेवढीच फट आहे का? दुसरी नसेल तर रहस्य दुसऱ्या भागातच संपेल.

## टप्पा ५ : पोलिसांचा क्रम, कर्नाटकातला

महाराष्ट्रातल्या मालिका बघून लिहिलेल्या संहिता इथे हमखास आपटतात. बेळगावात घडणारी गोष्ट कर्नाटक पोलिसांची आहे.

बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाखाली आहे, तिथे ठाण्यावर पीआय, त्याच्यावर एसीपी, डीसीपी. निपाणी, खानापूर, गोकाक हा भाग जिल्हा एसपीकडे, तिथे सर्कलचा सीपीआय आणि वर डीवायएसपी. ‘एपीआय’ हे पद महाराष्ट्रातलं, इथे नाही. कॉन्स्टेबलच्या डोक्यावरची एका बाजूला वळवलेली हॅट जुनी झाली. २०२५ पासून निळी पीक कॅप आली. कथेची तारीख बघून टोपी घाला.

आता क्रम.

(अ) माळ्यावरून पडला, म्हणजे अपघात. पहिल्यांदा गुन्हा दाखल होत नाही. अनैसर्गिक मृत्यूची नोंद होते, तिला इथे ‘यूडीआर’ म्हणतात. महाराष्ट्रातला ‘एडी’ तो हाच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा, पंचनामा, त्याला स्थानिक पंच.

(ब) शवविच्छेदन. घातपाताचा संशय असलेलं प्रेत एरवी रात्री उघडत नाहीत, सकाळ होऊ द्यावी लागते. नातेवाइकांची ती रात्र सिव्हिलच्या आवारात जाते. इथे एक शांत सीन लिहा. पार्श्वसंगीत नको.

(क) अपघाताचा खून कधी होतो? डॉक्टरचा अहवाल किंवा जागेवरची विसंगती, त्यानंतर यूडीआरचं रूपांतर खुनाच्या गुन्ह्यात, कलम १०३. प्रेत उचललं गेलं, माळा झाडला गेला, शिडी हलली. हे नुकसान भरून निघत नाही, आणि तपास अवघड होण्याचं खरं कारण हेच असू द्या. खलनायकाच्या अफाट बुद्धीपेक्षा झाडूवाल्याचा झाडू जास्त पटतो.

(ड) हेरगिरीचा गुन्हा कुणाकडे? भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये २८९व्या अहवालात तसा कायदा करावा अशी शिफारस केली, बाकी अजून शिफारसच. त्यामुळे ‘औद्योगिक हेरगिरीच्या आरोपाखाली अटक’ असा संवाद लिहूच नका. कलमं लागतात ती विश्वासघाताची, चोरीची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व ६६ ची. त्या कायद्याचा तपास इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. तुमचा नायक पीएसआय असेल तर फाइलचोरीचा तपास त्याच्या हातून कायद्यानंच सुटतो आणि सीईएन ठाण्याकडे, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ बघणाऱ्या ठाण्याकडे जाऊ शकतो. एक खून, दोन ठाणी, एकच संशयित. नाट्य हवंय ना? कायद्यानं फुकट दिलंय.

(इ) झडती आणि जप्ती. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं. पीएसआय हातातला मोबाइल समोर धरून कपाट उघडतोय, हे चित्र नव्या काळाचं. डिजिटल पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा. शेवटच्या भागात वकील नेमका हाच कागद मागतो.

(फ) जबाब. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. मालिकांमध्ये हमखास असते. पंचनाम्यावर मात्र पंचांची सही लागते. घोटाळा करू नका.

(ग) कबुली. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. चालतो तो तेवढाच भाग, ज्यावरून वस्तू सापडली. म्हणजे ‘मी मारलं’ याला कोर्टात किंमत नाही, पण ‘गेज मी वाळूच्या हॉपरमागे (वाळू साठवायच्या टाकीमागे) टाकलंय, चला दाखवतो’ असं म्हणून त्यानं ते काढून दिलं तर त्याला आहे. मिस्त्रीचं गेज प्रेताच्या खिशात नव्हतं, हे पहिल्या भागात पेरा. शेवटच्या भागात ते हॉपरमागून निघू द्या.

(ह) सीमेपलीकडची अटक. संशयित शिरोलीत असेल तर इथले पोलीस तिथल्या ठाण्याला कळवून जातात. कोल्हापूर बेळगावपासून साधारण ११० किलोमीटर, चोवीस तासांत आरोपीला इथल्या कोर्टात उभं करणं अगदी शक्य आहे. म्हणून प्रत्येक वेळी ‘ट्रान्झिट रिमांड’चा (आरोपीला न्यायला तिथल्या कोर्टाची परवानगी घेण्याचा) गाजावाजा नको. पुणे-मुंबईहून आणायचा तर गोष्ट निराळी.

खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. तपासाला घड्याळ लावायचं असेल तर हे लावा. बॉम्बच्या टिकटिकीपेक्षा हे जास्त छळतं.

नेहमीची चूक : खासगी डिटेक्टिव्ह कॉल रेकॉर्ड मिळवतो, संशयिताच्या घराची झडती घेतो, आरोपीला कोंडतो. यातलं काहीही त्याला करता येत नाही, आणि कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवणं हा गुन्हा आहे. कंपनीनं त्याला खुनाआधी गळती शोधायला नेमलं असेल तर तो शोभतो. प्रेत पडल्यावर त्याला साक्षीदार करा.

## टप्पा ६ : भागांची वाटणी

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये तुमच्या हाती साधारण २२ मिनिटं लागतात, त्यात १० ते १२ सीन. वरच्या गोष्टीला सहा भाग पुरतात. सात केलेत तर पाणी घालावं लागेल. आधी प्रत्येक भागाची वन-लाइन (एका ओळीतली गोष्ट), मग स्टेप आउटलाइन (सीनची क्रमवार यादी), मग पटकथा, आणि संवाद सगळ्यात शेवटी. संवाद आधी लिहिणाऱ्याला स्वतःचं वाक्य कापवत नाही.

प्रत्येक भागाचा शेवट कुठल्या तरी *वस्तूवर* करा : रिकामा खिसा, फाटलेलं गेटपासचं पान, दुसरं कास्टिंग, मीटरचा आलेख, जुनं ड्रॉइंग, गेज. चेहऱ्यावर झूम आणि तीनदा ढण्ण आवाज करायला दिग्दर्शकाला तुमची गरज नसते.

तपासून घ्या : पाचव्या भागाच्या शेवटी प्रेक्षकाकडे त्रिज्येची तिन्ही उत्तरं पोचलेली आहेत का? नसतील तर उलगडा म्हणजे लेखकाची दादागिरी.

## टप्पा ७ : भाषा

बेळगावची मराठी पुण्याच्या मराठीत भाषांतर करून लिहू नका आणि तिची नक्कल करून हसूही करू नका. प्रत्येक वाक्यात ‘लई’ आणि ‘व्हय’ कोंबलं की पात्र विनोदी होतं. दोन-तीन खुणा पुरतात. वाक्याच्या शेवटचा ‘की’ : ‘मी घरीच होतो की साहेब.’ बायकांचं ‘मी येतो गे अक्का’, इकडच्या कित्येक घरांत बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मुंबईचा संवाद-तपासनीस ते चूक म्हणून ‘येते’ करेल. करू देऊ नका. मिस्त्रीला ‘तात्या’ किंवा ‘मामा’, मालकाला ‘साहेब’ नाहीतर ‘शेठ’, कानडी हेडकॉन्स्टेबलचं ‘बर्री, कुंद्री’ (या, बसा).

शहराचं नाव कागदावर बेळगावी, तोंडी बेळगाव. दोन्ही लिहा, जिथलं तिथे.

पोलिसांचे कागद कन्नडमध्ये असतात, आणि काही पंचनाम्यांच्या माथ्यावर ‘महजर’ असा शब्द असतो. मराठी शाळेत शिकलेला पंच त्या कागदावर सही करतो, त्याआधी कुणीतरी त्याला तो वाचून सांगतं. काय सांगितलं आणि काय लिहिलं, यातलं अंतर उलटतपासणीत उघडं पडू शकतं. इथल्या लेखकाला हा सीन सुचायला हवा, बाहेरच्याला सुचणार नाही. कानडी संवाद मात्र सलग दोन वाक्यांपेक्षा लांब नको, नाहीतर प्रेक्षक खालची पट्टी वाचत बसतो.

## टप्पा ८ : चार जणांना वाचायला द्या

मोल्डर, फौजदारी वकील, निवृत्त हवालदार आणि ज्याला यातलं काहीच कळत नाही असा शेजारी. मोल्डरला फक्त फाउंड्रीचे सीन द्या, वकिलाला पाचवा टप्पा. शेजाऱ्याला मात्र सगळं. तो ज्या पानावर मागे जाऊन नाव शोधतो, तिथे पेन्सिलनं खूण करा.

कारखान्याचं, ग्राहक कंपनीचं आणि गेटवरच्या पाटीचं नाव काल्पनिकच ठेवा. एखादं नाव खऱ्या कारखान्यासारखं निघतं का, ते उद्यमबागेतून एक चक्कर मारून बघून या.

चित्रीकरण चालू फाउंड्रीत असेल तर ओतण्याचा सीन पहिल्या हीटला घ्या, दुसऱ्यांदा ‘वन मोअर’ म्हणता येत नाही. भट्टीचा आणि शॉट ब्लास्टिंगचा (छर्रे मारून कास्टिंग साफ करण्याचा) आवाज संवाद गिळतो, म्हणून तिथले संवाद तीन-चार शब्दांचे ठेवा किंवा डबिंग धरा. वितळलेल्या धातूत ओल गेली की स्फोट होतो. युनिटच्या पाण्याच्या बाटल्या गेटवरच ठेवा.